तांदळातलं नाव

प्रिय पज्या,

फोन उचलत नाहीस, मेसेजवर नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून हे पत्र. कुरिअरनं पाठवतेय. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे 'ताई, मिळालंच नाही' म्हणायची सोय नको. हसू नकोस. तुझी बहीण संशयी आहे हे तुला काय नवीन? दिवसभर बुलढाण्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते आणि घरी आले की तुझं बोलणं तपासते.

पहिला संशय आला तो तुझ्या साखरपुड्याचा. 'पुण्यातच उरकतोय, दोन्हीकडची चार-चार माणसं, तू कुठं एवढ्या लांब धडपडत येतेस,' म्हणालास. मी म्हटलं, बरं. मग स्टेटसला फोटो टाकलेस आणि ते माझ्यापासून लपवायचं विसरलास. एकतीस डोकी होती त्यात! तुझ्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा फेटा बांधून उभा. त्याला जागा होती, सख्ख्या बहिणीला नव्हती. पंधरा दिवसांनी माझा वाढदिवस आला, तर अकोल्याच्या पार्लरमध्ये केस सरळ करून घ्यायचं कूपन पाठवलंस. सत्तावीस वर्षांत ज्यानं मला साधा रुमाल दिला नाही, त्याला एकदम माझ्या केसांचा पुळका का आला असेल, तूच सांग.

माझे केस आईचे, रंगही आईचा. तू बाबांवर गेलास, गव्हाळ. आपल्या नांदुऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तू कुणाचाही मुलगा आणि मी मात्र पाहुणी. शाळेची लोणारची सहल आठवते? सरोवराच्या काठावर तो गाइड सगळ्या पोरांना सोडून माझ्याच तोंडाकडे बघत इंग्रजीतून बोलत सुटला. मला ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी मान हलवत होते. पोरं खिदळत होती. तेव्हा तू तुझ्या दोस्ताच्या, हरिओमच्या घोळक्यात दोन पावलं सरकून उभा राहिलास. पाचवीतलं पोर होतास, मी समजू शकते. पण ती दोन पावलं मी पाहिली, आणि तेव्हापासून तुझ्यावर नजर ठेवून आहे.

म्हणूनच मागच्या रविवारी न कळवता घरी गेले. मुलीकडच्यांना घर दाखवत नाहीस कारण डागडुजी चालू आहे, असं तू सांगितलंयस म्हणे. चुन्याचा एक हात फिरलेला नव्हता रे! बैठकीच्या भिंतीवर फक्त एक खिळा होता, आणि आईचा फोटो गायब. बाबा म्हणाले, काच फुटली, फ्रेमवाल्याकडे दिलाय. मी तशीच स्टेशनजवळ फ्रेमवाल्याकडे गेले. तो म्हणतो, 'आपल्याकडे काई फोटो-बिटो नाई आला ताई.' फोटो शेवटी कपाटात सापडला. आईनं माहेराहून, आफ्रिकेतल्या म्वांझाहून येताना आणलेल्या त्या पिवळ्या छापील कापडात गुंडाळलेला. काच शाबूत होती. बाबा खाली मान घालून शेंगा सोलत बसले. ज्या माणसानं कापसाच्या जिनिंगच्या मशिनी बसवायला आफ्रिकेत जाऊन, सगळ्या भावकीशी भांडून, आईला बायको म्हणून नांदुऱ्यात आणलं, त्याला आज तिचा फोटो लपवावा लागला. कुणासाठी? तुझ्यासाठीच ना?

मग तुझा बायोडाटा हाती लागला. लॅबमधल्या काजलची मावशी नांदेडची, तुझ्या होणाऱ्या बायकोच्या, पुष्पांजलीच्या घराशेजारची. काजलनं सहज मोबाइलवर दाखवला. 'आई : कै. सौ. निर्मला. मामा : श्री. वामनराव, जळगाव जामोद. बहीण : एक, नोकरी.' माझं नाव नाही ते एक वेळ जाऊ दे. पण मामा? आपला मामा तिकडे म्वांझाला मासळीच्या बाजारात बसतो, आणि तू बाबांच्या मित्राला मामा करून टाकलंस! माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, बस पकडली आणि थेट वामनरावांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिले.

इथे मात्र मी तोंडावर पडले. वामनराव म्हणाले, 'तुयी माय मले वीस वर्षं राखी बांधे. जायच्या आधी दवाखान्यात म्हणे, भाऊ, पोराच्या लग्नात मांग मामा उभा लागीन. माहा भाऊ लय दूर. तू राह्यशीन?' मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, 'तू लगेच चौकशी लावशीन म्हणून.' मला हसू आलं आणि रडूही आलं. त्या राख्या दरवर्षी मीच तर बाजारातून आणत होते. संशयाच्या नादात तेवढंच विसरले. तेव्हा मामाचा आळ मागे घेते, पज्या. मला माफ कर. आयुष्यभर परक्यांच्या नजरा मोजता मोजता घरच्यांच्याही मोजायला लागले, हा माझा दोष आहे.

खरं तर तिथेच सगळं सोडून देणार होते. पण काल पुष्पांजलीचा फोन आला. नंबर बाबांकडून घेतला म्हणाली. गोड बोलते. 'ताई, सुट्टी खरंच मिळत नाही का हो? करवली तर तुम्हीच हव्या होतात.' मला सुट्टी नाही, हे तिला तूच सांगितलं असणार. मग हळूच म्हणाली, 'एक सांगू? लग्नात माझं नाव बदलायचं ठरलंय. ताटातल्या तांदळांवर हे आईंचं नाव लिहिणार आहेत, निर्मला.' एवढी खूश होती, की मला तिला काही सांगता आलं नाही. ते तुझं काम आहे. आई सांगायची ते तुला आठवतं ना, लग्नात बाबांनी तांदळात निर्मला लिहिलं तेव्हा आईला आपली अक्षरंही वाचता येत नव्हती? कुणीतरी वाचून दाखवलं, तर तिनं आपल्या मूळच्या नावाबद्दल विचारलं होतं, मग नीमाचं काय झालं? पुढं आपल्यापेक्षा झकास वऱ्हाडी बोलायला लागली, तरी दारातून कुणी निर्मलाबाई म्हणून हाक मारली की आतून ओरडायची, 'निर्मला घरी नाई!' आपण पोट धरून हसायचो. तर आता नीट ऐक. मला सुट्टी मिळालेली आहे. शुक्रवारच्या बसनं निघतेय, केस आहेत तसेच घेऊन, आणि मांडीवर आईचा फोटो. तो मांडवात ठेवणार आणि करवली म्हणून मीच उभी राहणार. माझ्याकडे बघून पुष्पांजलीला सगळं कळेलच, पण ते तिला तसं कळू नये, म्हणून त्याआधी तुझ्या तोंडानं सांग. ऐकून तिनं लग्न मोडलं तर मोडू दे, मी तुझ्याजवळ असेन. नाही मोडलं, तर तांदळात निर्मला तेवढं लिहू नकोस. त्या नावाची बाई आपल्या घरी कधीच नव्हती. लिहायचंच असेल तर नीमा लिही, नाहीतर त्या पोरीला पुष्पांजलीच राहू दे.

तुझीच, बायोडाटात जिचं नाव लिहायचं राहिलं ती,
अर्पिता