काळी झालेली बाटली

तलासरी, ३ फेब्रुवारी

चि. परेशभावजींस, अ. उ. आ.

फोनवर सांगितलेलं तुम्ही डहाणूला पोचेपर्यंत विसरता, म्हणून कागदावर लिहिते. पाड्यात नळ आले, नळाला पाणी आलं, पेपरात तुमचा हार घातलेला फोटोही आला. त्यानंतर आठ दिवसांत शेजारच्या बुधीबाईची नात जुलाबाने दवाखान्यात.

पाणी तपासायला तुमच्याच पाणीपुरवठा खात्याने मला शिकवलं, तपासणीच्या बाटल्याही दिल्या. बुधीबाईच्या नळाचं पाणी बाटलीत खुणेपर्यंत भरलं, देवघरात समईच्या उबेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाटली काळी. काळी म्हणजे पाण्यात घाण. नोंदवहीत तसं लिहिलंय. काय ते बघा.

लोभ आहे, तो टिकेल असं वागा.

निर्मलावहिनी

डहाणू, ७ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस, सा. न.

शांतारामदादा बरा असेल. वहिनी, टाकीच्या पूजेला कळशीभर दूध तुम्हीच आत ओतायला लावलंत, वर नारळाचं पाणी. बाटली काळी होईल नाहीतर काय? मार्चच्या आत योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यायची आहे. साहेब रोज विचारतात, माझी बढती त्यावर अडलीय. ते पान बदलून ‘स्वच्छ’ लिहा, घरच्या माणसासाठी एवढं करा. तुमची धाकटी जाऊ श्रुतिका म्हणते, वहिनी उगीच मनावर घेतात.

आशीर्वादाचा हात काढू नये.

परेश

तलासरी, १५ फेब्रुवारी

चि. परेशभावजींस, अ. उ. आ.

दूध ओतलं ही चूक माझी. देवाला पळीभर पुरलं असतं. म्हणून आम्ही बायकांनी टाकी रिकामी करून घासली, नळ दोन दिवस वाहते ठेवले, मग दोन बाटल्या भरल्या. टाकीची काळी झाली नाही, बुधीबाईच्या नळाची पुन्हा काळी. आता कोणाचं दूध म्हणायचं, तेवढं कळवा.

पाइप टाकताना मजुरीला असलेल्या चैत्याने गोठ्यामागचं गटार खणलं. पाइप शेणाच्या पाण्याखाली जेमतेम वीतभर, आणि जोडाला रबराच्या कड्याऐवजी साडीची चिंधी. बुधीबाई म्हणाली, असली चिंधी मी चुलीवरचं भांडं उतरवायलाही घेत नाही. तो जोड तपासल्याचा कागद पंचायतीत आहे, खाली सही तुमची. सही करणारे साहेब त्या दिवशी गाडीतून उतरले होते का, असं चैत्याला विचारलं. तो म्हणाला, उन्हात कशाला उतरतील, काच खाली केली होती. एवढे कष्ट घेतलेत, बढती हवीच.

पाडा पुन्हा विहिरीवर जातो, पाणी उकळून पितो. श्रुतिकाला सांगा, बुधीबाईला एकच नात आहे, तीही मनावर घेते.

पान बदलणार नाही. मंगळवारी ग्रामसभेत ते वाचणार आहे, जोडाच्या कागदासकट. त्याआधी तुम्ही स्वतः उठून सांगितलंत, तर तुमच्या दादाला मान खाली घालून बसावं लागणार नाही. नवं कडं आणि माणसं घेऊन या. जेवायला घरीच.

तुमची, मंगळवारपर्यंत तरी,

निर्मलावहिनी