दुकान पवनला, पडवी वनजाला

मी, गुंडुराव, वय एक्क्याऐंशी, भावसार, धंदा रंगारी, राहणार बन्नीमंटप, म्हैसूर, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. कुणाचा दबाव नाही असं लिहायची पद्धत आहे. पण मुलगा पवनकुमार सकाळपासून दाराबाहेर येरझाऱ्या घालतो आहे, तेही इथे नोंदवतो.

१. घर आणि दुकान माझ्या स्वकष्टाची कमाई आहे. घर सून भाग्या हिला द्यावं. तिने मला वेळेवर जेवू घातलं आणि माझी भाषणंही ऐकली.

२. लाकडी ठसे ज्याला हवे त्याने न्यावेत, चुलतभाऊ रविकिरण सोडून. परमिटच्या काळात रंगाच्या एका डब्यासाठी मी कचेऱ्यांत चपला झिजवत होतो, तेव्हा साहेबांच्या ओळखीवर याने गल्लीचा सगळा कोटा स्वतःकडे वळवला. धंद्यात हरलो असतो तर वाईट वाटलं नसतं. सरकारने चोर पकडावेत, रस्ते नीट ठेवावेत, तंटे सोडवावेत. गिऱ्हाइकाने कुठे जावं हे त्याने सांगू नये, हे मी तेव्हाच ठरवलं.

३. दुकान पवनला. वनजा आमच्याकडे रंगकाम शिकली आणि समोरच हातगाडीवर ओढण्या रंगवू लागली, आमच्याहून स्वस्त. आमच्या घरी आयुधपूजेला, इथे शिकलेल्या प्रत्येकाचा रंगाचा हंडा कुलदेवी हिंगुलांबिकेपुढे मांडतात, तो आज आमच्या विरोधात धंदा करत असला तरी. यंदा पवनने तिचा हंडा उचलून बाहेर ठेवला आणि गाडी हटवायला महापालिकेच्या कचेरीत अर्ज दिला. सोमवारी गाडी उचलणार आहेत.

"सुम्ने, गप बसा अप्पा. गिराकी सगळी तिच्याकडं चाललीया," म्हणाला.

"मग रंग चांगला दे," मी म्हटलं.

अर्ज मागे घेतला तरच दुकान, अशी अट मी घातली होती. कागद लिहिणारी वकील गुंजन, नाशिकची मुलगी, म्हणाली, "आजोबा, हे तुमचं परमिटच झालं की!" मला राग आला, पण पोरीचं खरं होतं. अट खोडली आहे, तिथे सही आहे. दुकान विनाअट.

४. दुकानालगतची पडवी माझी आहे, ती वनजाला. तिने सोमवारच्या आत गाडी तिथे आणावी. मी असेतो माझ्या राजीखुशीने, पुढे तिच्या मालकीने. मग दोघांनी शेजारी बसून गिऱ्हाईक ओढावं.

५. हे सगळं पवनला आत बोलावून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पडवी तिला दिलीसा, तर अग्नी मी देणार न्हाई."

एकुलता एक मुलगा आहे. पडवीचं कलम खोडायला पेन उचललं होतं, खाली ठेवलं.

तरी लिहितो: अग्नी देणं पवनच्या मर्जीवर आहे. नातेवाइकांनी त्याला आग्रह करू नये, टोमणे मारू नयेत. तो नाही म्हणाला तर भाग्याने द्यावा, तिलाही विचारूनच. पण त्याआधी थोडा वेळ पवनची वाट पाहावी.

वाचून, समजून सही केली: गुंडुराव

आमच्यादेखत सही झाली:
मिलिंद, शेजारी
डॉ. सुनंदा

म्हैसूर, १५ नोव्हेंबर २०२४