काउंटसाहेबांची इस्त्रीची खोली

पॅरिस, १२ एप्रिल १८५८

प्रिय सेव्हरिन,

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. हातातली रंगवायला घेतलेली बशी बाजूला ठेव, रंगाचे हात पूस आणि नीट बैस. आमचे काउंटसाहेब गेल्या मंगळवारी वारले. तू म्हणशील, वारले तर वारले, मला त्याचं काय? खरं आहे. पण आता हे घर पाडणार आहेत. सरकारचा नवा रुंद रस्ता नेमका आमच्या दिवाणखान्यातून जायचा आहे म्हणे, आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला मजूर पहारी घेऊन येतील. त्याच्या आत तुझ्या बाबांना इस्त्रीच्या खोलीतून बाहेर काढायला हवं, आणि ते माझं ऐकत नाहीत. तेवीस वर्षं मी या घरात साहेबांचे कपडे सांभाळले, एकापेक्षा एक हट्टी माणसं पाहिली, पण हे काम माझ्याच्यानं होत नाही गं.

साहेबांबद्दल तू ऐकलंच असशील. गास्पार द मोर्व्हाल म्हणजे पॅरिसचा आरसा होता. दिवसाला सहा जोड लिंबू रंगाचे हातमोजे लागायचे, आणि सातवा मी खिशात बाळगायचो. एकदा माझ्या हातून त्यांच्या कोटाची कॉलर करपली. मला घाम फुटला. साहेबांनी काय करावं? कॉलर उभी केली, करपलेला भाग आत लपवला आणि गेले ऑपेराला. आठ दिवसांत अख्ख्या शहरातले तरुण कॉलर उभी करून हिंडायला लागले! असा माणूस. रागवायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. पण कष्ट केलेले दिसले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. खानदानी माणसाला घाम येत नाही, असं ते खरोखर मानायचे. त्यांची चित्रंही तशीच, गंमत म्हणून काढलेली. दुपारचं जेवण झालं की कॉफी यायची, पाहुण्यांपैकी एकाला खिडकीपाशी बसवायचं आणि हातमोजे न काढता दहा मिनिटांत त्याची बाह्यरेषा काढायची. मोज्याला डाग म्हणून लागायचा नाही. बायका टाळ्या पिटायच्या. मग कॅनव्हास आत जायचा, ‘वाळायला’, आणि आठवड्यानं पुरं झालेलं चित्र पाहुण्याच्या घरी पोचायचं. लोक म्हणायचे, काय हा हात! देवाची देणगी!

तो हात तुझ्या बाबांचा होता, हे तुला ठाऊक आहे. तुझी आई गेली, तुला नऊ वर्षांची असताना लिमोजला मावशीकडे धाडलं, आणि रेमों इथे आला. मागच्या कोळशाच्या दारानं यायचं, त्याच दारानं जायचं. खोली माझ्या शेगडीची, इस्त्रीची, कारण तिथे रंग लवकर सुकतो. मी कॉलरींना खळ लावायचो, तो ड्यूकमंडळींना नाकं द्यायचा. खूप हसायचो आम्ही. म्हणायचा, “आन्सेल्म, तुझी खळ आणि माझा रंग नसता तर या माणसाचं बुजगावणंसुद्धा उभं राहिलं नसतं.” एक शिस्त मात्र होती. पाच वाजले की साहेब मला सांगायचे, “आज इतकंच.” मी निरोप द्यायचो, मग रेमों ब्रश धुवायचा. एकदा त्याला ताप होता म्हणून मी तीनलाच माझ्या मनानं निरोप दिला. साहेबांना ते कळलं. ओरडले नाहीत, फक्त महिनाभर त्याच्याकडे एकही चित्र धाडलं नाही. बिचाऱ्यानं एक महिना भिंतीकडे बघत काढला. तेव्हापासून मी निरोप दिला की तो विचारायचा, “साहेबांनी सांगितलंय? देवाशपथ?”

आता जे लिहायचं ते लिहवत नाही. पोरी, तुझे बाबा जिवंत नाहीत. तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत गेले. साहेब शिकारीला गेले होते, दोन दिवस फिरकलेच नाहीत. निरोप द्यायला कोणी नव्हतं. रेमों खोकत होता, अंग तव्यासारखं तापलेलं. मी म्हटलं, ऊठ बाबा, आडवा हो. म्हणाला, साहेबांनी सांगितलंय? आणि बसून राहिला. सकाळी मी इस्त्री तापवायला गेलो तर तो ब्रश धरूनच खुर्चीत थंड झाला होता. आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि कोळसेवाल्यानं, त्याला त्याच मागच्या दारानं नेऊन पुरला. साहेब परतले, मी त्यांना सांगितलं. त्यांनी मोज्याचं एकेक बोट सोडवलं आणि म्हणाले, “कोण रेमों?”

त्याच दुपारी त्यांनी एका म्हाताऱ्या मार्कीसबाईंची रेषा काढली आणि नेहमीसारखा कॅनव्हास माझ्या हातात दिला. मीही बैलासारखा नेहमीच्या वाटेनं गेलो, रिकाम्या खोलीत तो चित्राच्या लाकडी घोडीवर ठेवला आणि दाराला कुलूप घातलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर कॉफीचे कप वाजत असताना, आतून रंग खरवडल्याचा आवाज आला. कुलूप तसंच होतं, किल्ली माझ्या कमरेला. आठवड्यानं दार उघडलं. बाई पुऱ्या झाल्या होत्या, मानेवरच्या तिळासकट. रंग ओला होता. शेगडी पेटवली नव्हती तरी कोमट लागत होती. मी चित्र उचलून साहेबांपुढे नेऊन ठेवलं. साहेबांनी चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिलं. चेहरा एवढासा झाला त्यांचा, देवाशपथ सांगतो, पण शब्द काय काढले? “बरं झालंय. उद्या जनरलसाहेबांचं लाव.”

तेव्हा मला कळलं, आमचं काय चुकलं ते. जो माणूस इथे कामाला होता हेच या घरानं कबूल केलं नाही, त्याला रजा कोण देणार? चांगली माणसं नोकर मेला तरी दोन शब्द बोलतात, जा बाबा, तुझं काम संपलं म्हणतात. इथे तेही कुणी म्हटलं नाही. मी कितीदा त्या दाराशी उभा राहून सांगितलं, “रेमों, आज इतकंच रे.” आतला आवाज क्षणभर थांबायचा, जणू ‘देवाशपथ?’ असं विचारायचा. खोटी शपथ घ्यायची माझी छाती झाली नाही. मग पुन्हा खरवडणं सुरू. तीन वर्षांत एकशे चाळीस चित्रं झाली. एक गोष्ट मात्र बदलली होती. त्या प्रत्येक चित्रातला माणूस थोडा बाजूला बघतो, भिंतीपलीकडे कुणी खोकल्यावर माणूस बघेल ना, तसा. पॅरिसनं याला साहेबांची नवी शैली म्हटलं. घरोघरी भिंतींवर ते टांगलेत, सगळे कान देऊन बसलेले. साहेब इस्त्रीच्या खोलीच्या बोळाकडे कधी फिरकले नाहीत. कपडे बदलायची खोलीही त्यांनी घराच्या दुसऱ्या टोकाला हलवली. पण पाहुणे वाढवले. न खाणारा, न दमणारा कारागीर कोणाला नको असतो?

मंगळवारी ते जायला निघाले तेव्हा मी पलंगाशी गुडघे टेकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात धरला. म्हटलं, साहेब, आता कोणी पाहुणे नाहीत, फक्त मी आहे. दोन शब्द बोला, मी पळत जाऊन निरोप देतो, आणि ह्या वेळी शपथ खरी असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. मला वाटलं, बोलले! “आन्सेल्म,” ते म्हणाले, “माझी चित्रं मी स्वतः काढतो.” आणि गेले. मोजे हातातच होते. मी चिडून ते ओढून काढले, तर बोटं कशी असावीत? अगदी मऊ, पांढरी, तान्ह्या बाळाची असतात तशी. एवढं लांब आयुष्य जगला हा माणूस, पण हाताला कशाची म्हणून खूण नाही. मला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

मला वाटलं होतं, मालक गेला, आता काम आपोआप थांबेल. गुरुवारी दुपारी पुन्हा खरवडण्याचा आवाज आला. आत तर कॅनव्हास नव्हताच, मी ठेवलाच नव्हता. दार उघडलं. माझा एक जुना इस्त्रीचा फडका घोडीवर ताणून लावला होता, आणि त्यावर साहेबांची रेषा नव्हती, दुसऱ्या कुणाचीच नव्हती, पहिल्या फटक्यापासून सगळं त्याचं. एक मुलगी उभी होती. फ्रॉक, वेण्या, हातात पेअरचं फळ, सगळं जिवंत. फक्त चेहऱ्याच्या जागी खरवडून खरवडून धागे निघालेले. शुक्रवारी तिथे नऊ वर्षांच्या पोरीचा चेहरा होता. शनिवारी तो पुसून थोडा मोठा केलेला. काल आणखी मोठा, पण तो कुणाचाच नव्हता. नंतर तोही खरवडला. त्याला येत नाहीये, सेव्हरिन. ज्यानं अर्ध्या पॅरिसला चेहरे दिले त्याला हा एक जमत नाहीये, कारण त्यानं तो पाहिलेलाच नाही. आणि याला जबाबदार मी आहे. या तीन वर्षांत तू तीन पत्रं पाठवलीस, बाबांना भेटायला येऊ का म्हणून. तिन्ही वेळा मीच लिहिलं, येऊ नकोस, ते कामात आहेत. मी मनाशी म्हणायचो, यात खोटं काय आहे? हे चित्र साहेबांचं नाही, त्याचं स्वतःचं आहे; ते पुरं झालं की उठायला त्याला कुणाचा निरोप लागणार नाही, असं मला वाटतं. आता आगगाडी थेट येते. तू ये. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण नंतर. आधी आत जा, खिडकीकडे तोंड करून उजेडात उभी राहा, आणि घाबरून मान वळवू नकोस. त्याला नीट बघू दे, किती मोठी झालीस ते.

तुझाच अपराधी,
आन्सेल्मकाका