वगारीचा वाटा

चारठाणा, ११ सप्टेंबर १९८६

श्रीयुत दिनकरराव व्याही यांना माणिकरावचा रामराम. इकडं समदे खुशाल हाईत असं लिहायची रीत हाय, म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा कसा हाय?

तुमची नात बरी हाय (आता). आमच्या घरधनीणीचा, सुलाबाईचा, हात मोडलेला, म्हणून लेकीच्या, मनकर्णाच्या, बाळंतपणाला विहीणबाईंना मीच बोलावलं. माझ्या पायावर धोंडा मीच पाडून घेतला, तकरार कुणाकडं करू? पोरगी जन्मली की त्यांनी (तुमच्या मंडळींनी, राग मानू नका) हुकूम सोडला, पहिलं दूध नासकं, पिळून टाका, लेकराला गुळाचं पाणी बोळ्यानं पाजा. नर्सबाईनं लय सांगितलं, की लेकराच्या घशा-आतड्याला आतून नाजूक अस्तर असतंय, पहिला चीक त्यावर सारवल्यासारखा बसतो अन् रोगाच्या जंतूला थारा देत न्हाई. त्यावर विहीणबाई म्हणल्या, हिचं अजून लग्न न्हाई, हिला काय कळतंय! दुसऱ्या दिवशी पोरीला हगवण लागली, डोळे खोल गेले. बाळंतिणीच्या खोलीत गड्यामाणसाला जायची सोय न्हाई, मी आपला अंगणात येरझारा घालायलो. इतका बेजार उभ्या जन्मात झालो न्हाई, दिनकरराव.

त्याच दिवशी आमची म्हैस व्याली, वगार झाली. आमचा गडी सटवाजी खरवसासाठी (आशा माझीच, खोटं कशाला बोलू) चरवी भरून चीक काढायलाय, तेवढ्यात विहीणबाई धावत आल्या अन् आळीला ऐकू जाईल असं वरडल्या, "मेल्या, आधी वगारीला पाज! पहिला चीक पोटात गेला न्हाई तर हगवण लागून मरतंय ते!"

खोलीतून मनकर्णा बोलली, "मग आत्याबाई, माझी लेक वगारीपेक्षाबी गेली व्हय?"

विहीणबाईंनी पदरानं तोंड पुसलं, आत गेल्या अन् सोताच्या हातानं पोरीला आईच्या पदराखाली दिलं. नर्सबाई रोज येऊन बघत होती, पोरगी हळूहळू सावरली. मला रडू आलं, हे कुणाला सांगू नका. आता विहीणबाई गावभर सांगत फिरायल्या, की पहिल्या दुधाची गोष्ट त्यांनीच काढली! कुणाच्या घरी पाळणा हलला की आधी यांची स्वारी. काल तर नर्सबाईलाच शिकवायल्या होत्या.

आपला,
माणिकराव

ता.क. बारशाला जरूर या, अन् जाताना मंडळींना संगं घेऊन जा. हात जोडतो.

आणखी एक. वगारीचा जिम्मा बी त्यांनीच घेतलाय. चीक समदा तिला, मला खरवसाचा घास न्हाई. तुमच्या गावात, पिंगळीत, कुणाची म्हैस व्याली असंल तर येताना तांब्याभर चीक आणा. फकस्त तिथल्या वगारीनं आधी पोटभर पिलंय, हे सोता बघून या. मला इथं इचारलं जाणार हाय.