कोणी विचारलं नाही तर

३ तारीख
आजपासून आम्ही नोकरदार! डबघाईला आलेल्या कंपन्या सावरायच्या, हे आमच्या फर्मचं काम. दादा म्हणाला, म्हणजे तू आता पगार घेऊन उंटावरून शेळ्या हाकणार. हाकू की!

पहिलीच कामगिरी शर्टांच्या कारखान्यात. माझ्या टेबलाच्या काचेतून खाली शिलाई मशिनींची अख्खी रांग दिसते. येतानाच जिन्यात कोटाचं बटण तुटलं. बटणं लावणाऱ्या मावशींनी मला उभ्या उभ्याच टाके घालून दिले आणि दोरा दातांनी तोडला. त्यांचे यजमान इथेच कापड कापणारे मास्तर. दुपारी दोघं एका डब्यात जेवतात आणि मीठ कमी की जास्त यावरून भांडतात. मला दोघंही फार आवडले.

५ तारीख
आमच्या फर्मच्या साहेबांनी त्यांची पद्धत शिकवली. एखादी गोष्ट नको वाटली की गुपचूप उचलायची आणि आठवडाभर गप्प बसायचं. कोणी विचारलं, तर ती परत ठेवायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही. कोणी विचारलं नाही, तर तिची गरज नव्हती. आम्ही एक झेरॉक्स मशीन, दोन कपाटं आणि सोमवारची मीटिंग उचलली. कोणी हूं की चूं केलं नाही. मजा वाटली.

९ तारीख
आता माणसं. रांगेतल्या एकाला आठवडाभर सुट्टीवर पाठवायचं, आणि नाव मी सुचवायचं. मी डोकं चालवून मावशींचं सुचवलं. नवरा शेजारच्याच टेबलावर, म्हणजे पहिल्याच दिवशी चौकशी होणार आणि त्यांची नोकरी कायमची वाचणार. सुट्टीचं ऐकून मावशी हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं, यांना जरा माझी किंमत कळेल."

१२ तारीख
अजून कोणीच विचारलेलं नाही. त्यांच्या स्टुलावर खोकी आली आहेत. मास्तर एकटेच जेवतात. डब्याचा एक कप्पा संपवतात, दुसऱ्याकडे बघत बसतात आणि झाकण लावतात. भांडण झालं असेल.

१६ तारीख
आठवडा संपला. न राहवून मीच मास्तरांना विचारलं, मावशी कशा आहेत. कोणत्या मावशी, म्हणाले. मग अगदी नम्रपणे, "मॅडम, माझं लग्न नाही झालेलं."

मग दुसरा कप्पा कशाला भरता, विचारलं. ते म्हणाले, हात सवयीने भरतो, कोणाची सवय ते कळत नाही.

१७ तारीख
मास्तरांबरोबर त्यांच्या घरी गेले. दोरीवर साडी वाळत होती. शेजाऱ्यांची असेल, म्हणाले.

साहेबांना म्हटलं, मावशींना परत आणा. त्यांनी मान वरही केली नाही. "तू उचललंस. तुझं विचारणं धरत नाहीत."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. त्यांना वाचवायला गेले होते मी. बाथरूममध्ये जाऊन रडले.

१९ तारीख
सगळ्यांच्या विनवण्या केल्या. एकदा विचारा, फक्त एकदा. कोण, म्हणतात. माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. मावशींचा आवाज आठवत नाही. चष्मा होता का त्यांना — नव्हता बहुतेक —

२० तारीख
मास्तर आपणहून आले. "घर खायला उठतं, मॅडम. कोण नाही, तेच कळत नाही." रडत होते. उद्या साहेबांना विचारतो म्हणाले. देवा, उद्यापर्यंत माझ्या लक्षात राहू दे. चेहरा गेला. हात आठवतात — एक हात —

२१ तारीख
साहेब आत आहेत. मास्तर दारात उभे आहेत, विचारतायत, कोणाबद्दल विचारू, मॅडम? थांबा म्हटलं, सांगते. डोळे भरून आलेत, कशाने ते —

मागची पानं चाळतेय. अक्षर माझंच. मावशी, असं लिहिलंय. पण ही —