थरथरत्या हातासाठी

ब्रिस्टल, जुलै २००६

ती. आईस,

स्वरालीचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. नव्या गोळीने बाबांच्या हाताची थरथर कमी झाली का?

आमच्या रोबोटिक्स टीमची स्पर्धा संपली. सुट्टीत काय बनवायचं, यावर मीटिंग झाली. कुणाला भिंतीवर चढणारा रोबो हवा होता, कुणाला फुटबॉल खेळणारा. मी म्हटलं, हात थरथरणाऱ्या माणसाला चमच्याने भरवणारं यंत्र बनवू या. बाबांचा विषय काढला नाही, तरी सगळे तयार झाले.

यंत्र तयार झालं आणि काल ते इथल्या एका केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नेलं. तिथल्या मिस्टर प्राइसना बाबांचंच दुखणं आहे. त्यांनी थेंबही न सांडता वाटीभर सूप संपवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. ते मात्र मला म्हणाले, "छान आहे, पोरी. पण मला भरवायला नर्स येते, तेवढा वेळच कुणीतरी माझ्याशी बोलतं. उद्यापासून ती कशाला बसेल?"

टीम खूश आहे, आणखी यंत्रं बनवू म्हणते. मी हो म्हटलंय, पण कामात मन लागत नाही.

आई, मला वाटायचं, हे घरी आणलं की तू सुटशील, एकदा तरी गरम जेवशील. बाबांना काय हवंय, हे मी विचारलंच नाही. तू विचारशील? आणि तुझी पाठ कशी आहे, ते या वेळी तरी खरं लिही.

दोघांच्या पाया पडते,
स्वराली