कोटाची पावती

अहो,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोकलाही गेला, एवढं आईंना वाचून दाखवा. पुढचं एकट्याने वाचा.

तुम्हाला नि छकुलीला इकडे आणायच्या अर्जासाठी चौदा महिने मी दर मंगळवारी इथल्या व्हिसा कचेरीत हेलपाटे घालते आहे. खिडकीतल्या बाबूचं एकच पालुपद: जन्मदाखल्यात नावापुढे वडिलांचं नाव, पासपोर्टात नवऱ्याचं, म्हणजे या दोन वेगळ्या बायका. लग्नानंतर आमच्यात नाव बदलतं, हे सांगून माझी जीभ झिजली.

गेल्या आठवड्यात तोच आमच्या शिवणाच्या दुकानात कोट सैल करायला टाकून गेला. मला ओळखलंसुद्धा नाही.

आज न्यायला आला. परवा त्याच्या लेकीचं लग्न आहे. मी मुद्दाम ओळखपत्र मागितलं. पावतीवर त्याचं घरचं लाडकं नाव, ओळखपत्रावर भलतंच. म्हटलं, "ही दोन वेगळी माणसं दिसतात. पुरावा आणा."

"अहो बाई, मी समोर उभा आहे ना."

"मीही चौदा महिने उभीच आहे."

तेव्हा कुठे त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि कोट न घेताच हात हलवत परत गेला.

आता त्याने अर्जच दाबून ठेवला तर, ही धास्ती आहेच. पण आजचा घास गोड लागला, खोटं कशाला सांगू. छकुलीचा पुढचा दात आला का?

उद्या मंगळवार. तो खिडकीत, मी रांगेत आणि त्याचा कोट आमच्या खुंटीवर. बघू, आधी कोणाला कोण ओळखतं.

कागदावर दोन असलेली,
तुमची एकुलती एक बायको